इतर देणी

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे अडीच,
पारा त्रेचाळीसवर.
गुंडेटी डाईंगच्या केबिनमध्ये मी फॉर्म उघडते,
पान तीन : जोखीम.

सुताचा भाव. लिहिला.
वीज. लिहिली.
आग : बंब किती मिनिटांत येतो ते विचारलं, लिहिलं.
गिऱ्हाईक बुडालं तर?
एक दुबईचा, एक कोचीनचा, दोघे वेळेवर देतात,
म्हणाले सत्यनारायणशेठ, आणि ताक मागवलं.
माणूस वाईट नाही.
कामगाराच्या पोरीच्या लग्नात न बोलावता आहेर नेतो.
पाणी तेवढं जारचं पितो.
मलाही त्यातलंच दिलं.

स्कूटी मागच्या गल्लीत लावली होती,
त्या भागात सावली तेवढीच, एका कडुनिंबाची.
तिथं हापशावर एक बाई घागर भरत होती.
पाणी फिकट जांभळं,
वांगी उकडून ओतून दिल्यासारखं.
मी बघत राहिले, तशी हसली.
"आज जांभळं, म्हंजे केरळाचा माल चाललाय.
सणाआधी लाल येतंय.
निळं आलं की मालक म्हणतात घरी,
चल, आता जादा पाळी मिळणार."

आणि प्यायला?
"प्यायला टँकर. घागरीला दहा रुपये.
हे भांड्याला."
मग घागर कमरेवर घेत, जाता जाता,
"त्याच भांड्यात जेवतो म्हणा."

रात्री आकडेमोड केली.
अठरा घरं, घरटी चार घागरी, रोजचे सातशे वीस,
वर्षाचे दोन लाख बासष्ट हजार आठशे.
खाजेचं मलम धरलं नाही.
बुडालेले रोज धरले नाहीत.
आणि एक गोष्ट धरताच येईना :
माझे वडील तीस वर्षं मागावर होते,
कानात सांगतानाही ओरडायचे.
आमच्या घरात कधी गुपित टिकलं नाही.
मला पहिल्यांदा पाळी आली
ती गल्लीला अप्पांकडून कळली.
त्यांच्या कारखान्याचं कर्जही
कुणीतरी मंजूर केलं असेलच,
पान तीन नीट भरून.

मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर
पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. गुंडेटींचाच, दिवाळीचा.
"मॅडम, पाण्याला आपल्यात रकाना कुठंय?
आणि मंडळाची परवानगी जोडलीय ना त्यांनी?"
जोडलीय.
शिक्का जांभळा आहे.

रकाना नव्हता हे खरंच.
उगाच पानं उलटत बसले.
पान चार, संचालकांचे फोटो, सगळे घामेजलेले.
पान पाच :
अर्जदाराची इतर देणी.
धनकोचे नाव, रक्कम, व्याजदर, तारण.

इतकी वर्षं हे पान मी
"निरंक" लिहून उलटत आले होते.

धनको : नागमणी चिट्याल आणि इतर सतरा घरं.
रक्कम : वर्षाला दोन लाख बासष्ट हजार आठशे, वाढती.
व्याज : घेत नाहीत.
तारण : नाही.
जामीनदार : नाही.
करारावर सही : कुणी मागितली नाही.
परतफेडीची मुदत

इथं पेन थांबलं.
तो रकाना तसाच कोरा ठेवून
फाईल वर पाठवली.

गुरुवारी फोन आला, सत्यनारायणशेठचा.
"मॅडम, ही नागमणी कोण?
मी कुणा बाईकडून पै घेतलेली नाही,
व्यंकटेश्वराची शपथ."
मागं मशिनं चालू होती, धडधड,
मी सांगितलं ते त्यांना ऐकू गेलं नाही.
पुन्हा सांगितलं.
"काय? मोठ्यानं बोला!"

मोठ्यानं बोलले.
कॅशियरनं नोटा मोजायच्या थांबवल्या,
रांगेतली माणसं वळली,
आणि माझ्याच तोंडून
अप्पांचा आवाज
सबंध बँकेला ऐकू आला.